उन्हाळा, अपेंडिक्स आणि मुलीचं शिबिर

पत्राचा सारांश

पत्रलेखिका दोन मुलांची आई आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या सतरा वर्षांच्या मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन घाईघाईने करावं लागलं. सर्जन म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर फुटलं असतं. पत्रलेखिकेच्या सख्ख्या भावाचं ऑपरेशनही शाळेत असताना ऐन उन्हाळ्यातच झालं होतं. मुलगा ॲडमिट असताना वॉर्डातले एक डॉक्टर सहज बोलून गेले, "या दिवसांत या केसेस जास्तच येतात." तेव्हापासून त्यांनी बरंच वाचलं आणि उन्हाळा म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येऊ लागला. आता चौदा वर्षांच्या मुलीला सुट्टीत दोन आठवड्यांच्या निवासी शिबिराला जायचंय. त्या विचारतात, शिबिर रद्द करू का? उन्हाळ्याआधीच तिचं अपेंडिक्स काढून टाकता येईल का? काय खायला-प्यायला दिलं म्हणजे हे टळेल? यजमान या सगळ्याला हसतात. पत्राच्या शेवटी त्या जाता जाता लिहितात: "थंडीत तिचं पोट दोनदा चांगलंच दुखलं होतं, एकदा तर रात्रभर. पण ते दिवस अपेंडिक्सचे नव्हते, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही."

उत्तर

ताई,

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. तिन्हींची उत्तरं देतो. पण पत्र वाचताना मी अडखळलो ते शेवटच्या वाक्याशी, जे तुम्ही प्रश्न म्हणून विचारलेलंच नाही. "ते दिवस अपेंडिक्सचे नव्हते." त्या वाक्यापर्यंत जरा लांबच्या वाटेने जाऊ, कारण ते ज्या समजावर उभं आहे तो समज अगदीच खोटा नाही.

वॉर्डातले ते डॉक्टर उगाच बोलले नव्हते. अमेरिकेतल्या १९७९ ते १९८४ या काळातल्या इस्पितळांच्या नोंदी तपासून १९९० मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षाला अपेंडिसायटिसचे, म्हणजे अपेंडिक्स सुजल्याचे, सुमारे अडीच लाख रुग्ण, आणि उन्हाळ्यातलं प्रमाण हिवाळ्यापेक्षा ११.३ टक्क्यांनी जास्त. पुढे कॅनडा, इटली, फिनलंड, दक्षिण कोरिया इथल्या पाहण्यांतही उन्हाळ्याकडेच कल दिसला. मात्र सगळीकडे असंच दिसतं असंही नाही. नैऋत्य नायजेरियातल्या एका पाहणीत गर्दी पावसाळ्यात आढळली, आणि काही ठिकाणच्या नोंदींत ऋतूंचा फरक सापडलाच नाही. तरीही एकूण कौल कुणीकडे म्हणून विचारलंत, तर उष्ण महिन्यांकडे.

आता हे ११ टक्के तुमच्या घरापर्यंत आणून बघू. त्याच अभ्यासात सर्वांत जास्त प्रमाण १० ते १९ या वयोगटात होतं, दर दहा हजारांमागे वर्षाला २३.३. म्हणजे तुमच्या मुलीच्या वयाची एक लाख मुलं घेतली, तर वर्षभरात त्यातल्या २३३ जणांना अपेंडिसायटिस होईल. तीन महिन्यांना सरासरी ५८. उन्हाळा-हिवाळ्यातला फरक या वयालाही तेवढाच धरला, तर हिवाळ्याच्या तीन महिन्यांत साधारण ५५ आणि उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत ६१. हिशेब ढोबळ आहे, पण चित्र स्पष्ट होतं: अख्ख्या उन्हाळ्यात लाखामागे सहा मुलं जास्त. शिबिराच्या दोन आठवड्यांपुरतं बोलायचं, तर लाखात एक.

लाखात एक. यासाठी तुम्ही शिबिर रद्द करायला निघालात.

ज्याला इस्पितळ चालवायचंय त्याला या फरकाचा उपयोग आहे. उन्हाळ्यात रात्रपाळीला किती सर्जन ठेवायचे, कुणाच्या रजा कधी मंजूर करायच्या, ऑपरेशन थिएटरचं वेळापत्रक कसं लावायचं, हे ठरवताना हजारो रुग्णांतले दहा-अकरा टक्के ठळक दिसतात. त्या डॉक्टरांना तेच दिसत होतं. त्यांच्यापुढे वॉर्डभर खाटा होत्या, तुमच्यापुढे एक मुलगी आहे. आणि आकडे पुन्हा बघा: उन्हाळ्यातले ६१ बघताना हिवाळ्यातले ५५ नजरेआड होतात. ते शून्य नाहीत, जवळपास तेवढेच आहेत.

"पण माझ्या घरात दोघांना उन्हाळ्यातच झालं," असं तुम्ही म्हणाल. वर्षाचे चार भाग धरा. दोन माणसांना अपेंडिसायटिस झाला आणि ऋतूचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसला, तरी दोघांची ऑपरेशनं एकाच भागात येण्याची शक्यता चारात एक आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला अशी गाठ पडायला इतकं पुरतं. घरातल्या या दोन ऑपरेशनांतून काही घ्यायचंच असेल, तर ते वेगळं आहे. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांना अपेंडिसायटिस झालेला असेल, तर धोका काहीसा वाढतो. काही अभ्यासांत तो दुप्पट-तिप्पट भरला आहे. तुमच्या मुलीचा सख्खा भाऊ त्यातून गेलाय, ही गोष्ट डॉक्टरांना सांगण्यासारखी आहे. पण ती बाराही महिने खरी आहे. तिप्पट धरूनही शिबिराच्या दोन आठवड्यांत ऋतूमुळे पडणारी भर लाखात तिघांची.

उन्हाळ्यातच का वाढतं, याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडे नाही. तर्क बरेच आहेत. अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, करंगळीएवढी, एका टोकाला बंद असलेली नळी. तिचं तोंड बंद झालं की आत स्राव साचतो, दाब वाढतो, जंतू फोफावतात. तोंड कशाने बंद होतं? कधी मळाच्या कडक झालेल्या खड्याने, कधी नळीच्या भिंतीतल्या लसिका ग्रंथी सुजल्याने. आता उन्हाळा यात कुठे बसतो? एक म्हणणं असं, की गरम हवेत पोटाचे संसर्ग वाढतात आणि त्यामुळे त्या ग्रंथी सुजतात. दुसरं, की घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी पडतं, बद्धकोष्ठता होते, खडे बनतात. तिसरा तर्क हवेतल्या प्रदूषणाचा. कॅनडातल्या कॅलगरी शहरातल्या पाच हजारांवर रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये आला. त्यात हवेतला ओझोन वाढलेल्या दिवसांशी अपेंडिसायटिसचा संबंध दिसला, उन्हाळ्यात जास्त ठळक. जमिनीलगतचा ओझोन कडक उन्हातच जास्त तयार होतो, त्यामुळे हा तर्क अगदी टाकाऊ नाही. पण दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही. उन्हाळ्यात तर पन्नास गोष्टी एकत्र वाढतात.

माझा स्वतःचा कल संसर्गाच्या तर्काकडे आहे, पण त्यावर पैज लावणार नाही.

म्हणूनच तुमच्या खाण्यापिण्याच्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. अपेंडिसायटिस हमखास टाळणारा कुठलाही आहार नाही. १९७० च्या दशकात डेनिस बर्किट या ब्रिटिश सर्जनने तंतुमय पदार्थ कमी खाणाऱ्या समाजांत तो जास्त होतो असा सिद्धांत मांडला. त्यावर पुढे वाद झाले आणि अजून चालू आहेत. चोथा असलेलं अन्न आणि भरपूर पाणी एरवीही चांगलंच, तेव्हा खुशाल द्या. पण त्याला कवच समजू नका. फळांच्या बिया गिळल्याने अपेंडिक्स होतं, या धास्तीने मुलीची फळं तोडू नका. बी अडकून झालेली केस इतकी दुर्मीळ असते की सर्जन ती लेख लिहायला राखून ठेवतात.

आता मूळ गोष्ट. ऋतूचा समज डोक्यात पक्का बसला की तो दोन्ही बाजूंनी फसवतो.

हिवाळ्यात फसवतो तो तुमच्यासारखा. पोट रात्रभर दुखतंय आणि आई म्हणते, हे दिवस नाहीत. १९६१ च्या एप्रिल महिन्याच्या शेवटी अंटार्क्टिकावरच्या सोव्हिएत तळावर लिओनिद रोगोझोव्ह या २७ वर्षांच्या डॉक्टरला अपेंडिसायटिस झाला. तिथे ध्रुवीय हिवाळा सुरू होत होता आणि तळावर दुसरा डॉक्टर नव्हता. त्याने भूल देणारं इंजेक्शन पोटाला टोचून स्वतःचं ऑपरेशन स्वतःच केलं. त्याच्या अपेंडिक्सला कुणी कॅलेंडर दाखवलं नव्हतं.

उन्हाळ्यात हाच समज उलटा फसवतो आणि याचा विचार सहसा कुणी करत नाही. गरम दिवसांत उलट्या-जुलाबांची साथ असते. एखाद्याचं अपेंडिक्स खाली ओटीपोटात लोंबत असेल, तर त्याची सूज मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला किंवा मूत्राशयाला डिवचते. मग पातळ शौचाला होतं, लघवीला जळजळतं. घरचे म्हणतात, बाहेरचं काहीतरी बाधलं, नाहीतर उन्हाळी लागली. म्हणजे ज्या ऋतूत रुग्ण जास्त, त्याच ऋतूत ओळखायलाही अवघड. म्हणून उन्हाळ्यात जास्त घाबरणं आणि हिवाळ्यात निर्धास्त राहणं, दोन्ही कामाचं नाही.

डॉक्टर मंडळी काय करतात ते सांगतो. १९८६ मध्ये आल्फ्रेडो अल्वाराडो यांनी अपेंडिसायटिसचा अंदाज बांधायला दहा गुणांची एक पद्धत सुचवली; ती आजही वापरात आहे. दुखणं बेंबीकडून उजवीकडे खाली सरकलं तर एक गुण. भूक मेली तर एक. मळमळ किंवा उलटी, एक. पोटाच्या उजव्या खालच्या भागात दाबल्यावर दुखणं, दोन. दाबून हात झटकन काढल्यावर कळ येणं, एक. ताप, एक. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, दोन. त्यांतल्या विशिष्ट पेशींचं प्रमाण वाढलेलं, एक. झाले दहा. या यादीत महिन्याला एकही गुण नाही.

तेव्हा घरात काय बघायचं? तुम्ही मुलाच्या वेळी हे सगळं पाहिलंच असेल, पण घाईत पाहिलेलं लक्षात राहत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात बहुधा फसवी असते. बेंबीभोवती बारीक, बोट ठेवून दाखवता न येणारं दुखतं, कारण अपेंडिक्सकडून निघालेल्या संवेदना मज्जारज्जूत जिथे पोचतात, तिथेच बेंबीभोवतालच्या त्वचेच्याही पोचतात. मेंदूला पत्ता नीट कळत नाही. मूल म्हणतं, पोटात कसंतरी होतंय. आवडीचं ताट पुढे केलं तरी सरकवून ठेवतं. मग मळमळ, एखादी उलटी. क्रम लक्षात ठेवा: अपेंडिसायटिसमध्ये सहसा दुखणं आधी आणि उलटी नंतर. साध्या पोटाच्या संसर्गात पुष्कळदा उलटीनेच सुरुवात होते. काही तासांत सूज अपेंडिक्सच्या बाहेर पोटाच्या अस्तराला भिडते आणि आता मूल बोट ठेवून दाखवतं: इथे, उजवीकडे, खाली. ते उजवा पाय जवळ घेऊन कुशीवर पडतं. उठवलं तर किंचित वाकून, हाताने पोट धरून, जपून पावलं टाकतं. साध्या पोटदुखीतलं मूल गडाबडा लोळतं. हे मूल हलायलाच तयार नसतं.

आणखी एक गोष्ट. इस्पितळात नेताना गाडी स्पीडब्रेकरवरून गेली की त्याच्या चेहऱ्याकडे बघा. यावर ब्रिटनमध्ये खरोखरच अभ्यास झालाय, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला. अपेंडिसायटिस नक्की ठरलेल्या आणि वाटेत स्पीडब्रेकर ओलांडून आलेल्या ३४ रुग्णांपैकी ३३ जणांची कळ त्या धक्क्याने वाढली होती. तशी ती इतर कारणांच्या पोटदुखीतही वाढते, त्यामुळे धक्क्याला कळ आली म्हणून अपेंडिक्सच असं ठरत नाही. पण धक्का बसूनही मूल गप्पा मारत असेल, तर तुम्ही जरा श्वास घ्यायला हरकत नाही.

हे सगळं पाठ्यपुस्तकाबरहुकूम प्रत्येकात दिसेल असं मात्र नाही. अपेंडिक्स आतड्याच्या मागे दडलेलं असेल, तर कंबर किंवा कूस दुखते. लहान मुलांत आणि म्हाताऱ्या माणसांत लक्षणं अर्धवट असतात, म्हणून त्यांच्यात उशीर होतो आणि फुटण्याचं प्रमाण जास्त असतं. तुमच्या मुलीच्या वयात पाळीचं दुखणं, बीजकोशातली गाठ किंवा बीजकोशाला पडलेला पीळ हेही याच जागी दुखतात. शेवटचं तर अपेंडिक्सइतकंच तातडीचं. घरी बसून यांतलं काय ते ओळखता येत नाही आणि ओळखायची गरजही नाही.

तुम्हाला ओळखायचंय ते एवढंच, की आता घरी थांबायचं की निघायचं. सर्जन लोकांत एक जुना ठोकताळा आहे: एरवी ठणठणीत असलेल्या माणसाचं पोट जोरात दुखायला लागलं आणि सहा तास उलटले तरी थांबत नसेल, तर ते सर्जनने बघितलंच पाहिजे. सहा तास वाट बघाच, असा त्याचा अर्थ नव्हे. दुखणं उजवीकडे खाली स्थिरावलं, ताप चढला, पोट कडक लागलं, मूल चालेना, तर सहा तासांची वाट बघू नका. पहिल्या दिवसात फुटण्याचा धोका कमी असतो, साधारण दीड दिवसानंतर तो वाढत जातो. म्हणून "सकाळी बघू" हे एकदा चालून जातं, दुसऱ्यांदा नाही. आणि रात्रभर तळमळणारं मूल पहाटे अचानक "आता बरं वाटतंय" म्हणालं, पण अंगात ताप आहे, पोट फुगलंय, तर हायसं वाटून घेऊ नका. अपेंडिक्स फुटलं की आतला दाब एकदम उतरतो आणि काही वेळ दुखणं थांबल्यासारखं होतं. नेमका तेव्हाच बरेच जण घरी थांबतात.

निघेपर्यंत जुलाबाचं औषध किंवा एनिमा देऊ नका, पोट शेकू नका, खाणं थांबवा. वेदनाशामक गोळी दिली म्हणजे डॉक्टरांना निदान करता येत नाही, ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. इस्पितळात ते स्वतःच देतात. पण गोळ्यांवर गोळ्या देऊन घरीच रात्र ढकलणं वेगळं, ते करू नका. पुढे रक्ततपासणी, सोनोग्राफी, लागलं तर सीटी स्कॅन, आणि कधी कधी नुसतं काही तास ठेवून पुन्हा पोट तपासणं. या शेवटच्या गोष्टीला पालक फार वैतागतात, "काही करतच नाहीत" म्हणतात. पण एकाच अनुभवी हाताने चार-सहा तासांनी पुन्हा पोट चाचपणं ही आजही उत्तम तपासणी आहे.

आता अपेंडिक्स आधीच काढून टाकण्याबद्दल. मुलाच्या वेळी तोंड पोळलंय, तेव्हा तुम्ही ताकही फुंकून पिणार, हे समजू शकतो. आणि आधीच काढून टाकण्याची प्रथा जगात खरोखर आहे. ऑस्ट्रेलियाच्या अंटार्क्टिका तळांवर हिवाळाभर राहणाऱ्या डॉक्टरांना जाण्याआधी अपेंडिक्स काढून घ्यावं लागतं. चिलीच्या व्हिला लास एस्त्रेयास या अंटार्क्टिकावरच्या छोट्या वस्तीत दीर्घकाळ राहायला जाणाऱ्या कुटुंबांना, मुलांसकट, हीच अट होती. पण तिथे मोठं इस्पितळ हजार किलोमीटरच्या पलीकडे आहे आणि हवामान बिघडलं की विमान उडत नाही. तुमची मुलगी शिबिराला चाललीय, दक्षिण ध्रुवावर नाही.

मी सुरुवातीला सांगितलेल्या अमेरिकन अभ्यासाने हाही हिशेब केला होता. त्यांच्या अंदाजाने बाईला आयुष्यभरात अपेंडिसायटिस होण्याची शक्यता ६.७ टक्के, पुरुषाला ८.६ टक्के. म्हणजे पंधरा मुलींतल्या चौदा जणींना तो कधीच होत नाही. दुसऱ्या कुठल्यातरी ऑपरेशनच्या वेळी पोट उघडलंच आहे म्हणून चांगलं अपेंडिक्स काढून टाकायची पद्धत तेव्हा बरीच रूढ होती. त्यात एक आजार टाळायला ३६ अपेंडिक्स काढावी लागत होती. इथे तर पोट उघडायचं दुसरं कारणही नाही. भूल, टाके, जखमेत पू होण्याचा धोका, पुढे कधी आतडी एकमेकांना चिकटून होणारा अडथळा, हे सगळं निरोगी मुलीच्या माथी कशाला? कुठलाही जबाबदार सर्जन नाही म्हणेल. तुम्ही विचारून बघितलं तरी हरकत नाही, पण तुमच्यासाठी माझं उत्तर स्वच्छ नाही असं आहे.

काही वाचकांचा जवळचाच एक प्रश्न असतो, तो इथेच उरकतो. ज्यांचा अपेंडिसायटिस ऑपरेशनशिवाय, फक्त अँटिबायोटिक्सवर बरा झाला, ते पुढच्या उन्हाळ्याची धास्ती घेतात. फिनलंडमध्ये अशा रुग्णांचा पाच वर्षं मागोवा घेतला तेव्हा सुमारे ३९ टक्क्यांना अपेंडिसायटिस पुन्हा झाला, त्यातल्या बहुतेकांना पहिल्याच वर्षात. तेव्हा त्यांनी ऋतूकडे बघण्यापेक्षा आपल्या पोटाकडे बघावं आणि पुन्हा तसंच दुखलं तर "मागच्यासारखं जाईल" म्हणू नये.

शिबिराला पाठवा. फक्त आयोजकांना जे प्रश्न विचारायचे ते बदला. सर्जन आणि ऑपरेशन थिएटर असलेलं इस्पितळ शिबिरापासून गाडीने किती वेळावर आहे? रात्री वाहन असतं का, आणि ते चालवणारा माणूस तिथेच राहतो का? मुलांचं दुखणं-खुपणं बघायला नेमलेली व्यक्ती कोण, आणि मध्यरात्री मुलीने तिला उठवलं तर चालेल का? ऑपरेशनला पालकांची संमती लागली तर ती फोनवरून कशी घेणार? दोन-अडीच तासांत इस्पितळ गाठता येत असेल आणि उत्तरं न चाचरता मिळत असतील, तर अपेंडिक्सच्या बाबतीत ती जागा पुरेशी सुरक्षित आहे. आयोजक "आमच्याकडे आजवर असं काही झालं नाही" एवढंच म्हणत राहिले, तर मग मात्र पाठवण्याचा पुन्हा विचार करा. ते अपेंडिक्समुळेच असं नाही. पाय मोडला, साप चावला तरी हेच प्रश्न उभे राहतात. आरोग्याच्या फॉर्मवर भावाचं ऑपरेशन आणि तिची थंडीतली पोटदुखी, दोन्ही लिहा.

मुलीशीही बोला. चौदा वर्षांच्या मुली मैत्रिणींसमोर पोटदुखी लपवतात, पाळीची असेल म्हणून गप्प बसतात, किंवा शिबिरातून घरी पाठवतील या भीतीने काही सांगतच नाहीत. तिला एवढंच सांगा, की पोट दुखून जेवण जाईना किंवा झोप लागेना, तर तेव्हाच शिबिरातल्या ताईंना सांगायचं आणि तू घरी पाठवली जाशील असं त्यातून काही ठरत नाही. उन्हाळ्याचा उल्लेख करू नका. तिला भीती द्यायची नाहीये, परवानगी द्यायची आहे.

यजमानांचं हसणं तुम्हाला लागलंय. उन्हाळ्याबद्दल ते बरोबर आहेत. पण ते रात्रभराच्या पोटदुखीलाही हसले असतील, तर ते बरोबर नाहीत.

राहिली ती थंडीतली पोटदुखी. दुखणं आपोआप गेलं आणि मुलगी आता हिंडतेफिरते आहे, म्हणजे आज धावपळ करण्यासारखं काही नाही. पण शिबिराला जाण्याआधी तिला एकदा डॉक्टरांना दाखवा. जाताना अंदाज नको, माहिती न्या: दोन्ही वेळा कुठल्या बाजूला दुखलं, कुठून सुरू होऊन कुठे गेलं, किती तास टिकलं, ताप होता का, उलटी आधी की दुखणं आधी, पाळीची तारीख जवळ होती का, शौचाला कसं होत होतं. बहुधा बद्धकोष्ठता, पाळी किंवा एखादा साधा संसर्ग निघेल. डॉक्टरांना गरज वाटली तर सोनोग्राफी करतील. तेव्हा दुखत नसलं की सोनोग्राफीत पुष्कळदा काहीच दिसत नाही, त्यामुळे रिपोर्ट चांगला आला म्हणून पुढच्या वेळी दुर्लक्ष करायचं नाही. आणि डॉक्टरांकडे मुलीला स्वतःला बोलू द्या, निदान थोडा वेळ तुम्ही बाहेर थांबून. त्या रात्री नेमकं कसं दुखत होतं ते तिलाच माहीत आहे.